बोडीवर

पळस काढायचा नाही, असं घरूनच ठरवून निघालो.
बावीस वर्षं पतसंस्थेच्या कॅलेंडरवर
मार्च महिन्यात माझाच पळस फुलायचा,
एकाच ट्यूबमधून, एकाच फांदीवर.

लुना पारीवर लावली, बाभळीच्या अर्ध्या सावलीत.
निवृत्तीच्या दिवशी शाळेतून मागून आणलेलं स्टूल,
मांडीवर फळी,
जर्द्याच्या डबीत पाणी. तेही बोडीचंच.

चैत्रात इथं रंग ब्रशवरच सुकतो.
आभाळाची उजवी बाजू भरेस्तोवर
डावी बाजू जुनी झालेली असते.
पाणकावळा एकदा पंख पसरून बसला,
मी पेन्सिल शोधली,
तेवढ्यात ते लाकूड रिकामं.

मला हवा होता राखाडी.
पाणी मागं सरकल्यावर उघडा पडलेला गाळ,
त्यात म्हशींचे खूर,
भेगांत अडकलेले मागच्या साली काढलेल्या शिंगाड्यांचे काटे,
अलीकडे ओला, काळपट,
पलीकडे वाळून चुलीतल्या राखेसारखा,
आणि मधे कुठंतरी
एक पट्टा, ज्याला मला नावच देता येईना.
निळ्यात विटकरी घातला, मेला.
हिरव्यात जांभळा घातला,
कागदावर उगाच ढग आले.
पांढऱ्यात काळा मिसळा, पोरांनो, राखाडी तयार.
हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो
आणि पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

"का करून रायले गा मास्तर?"

भागरता मारबते. कमरेपर्यंत ओली,
टोपल्यात पाचसहा दाडक अजून उसळत होते.
तिची धाकटी माझ्या हाताखाली शिकून गेली,
माणसं चांगली काढायची, झाडं नाही.

"बोडी काढतो."

ती कितीतरी वेळ बघत राहिली.
लुगड्यातून ठिबकणाऱ्या पाण्यानं
माझ्या चपलेपाशी चिखल झाला.
"पार बराबर हाये. बाभूर बी बराबर हाये.
पान्याचं नाई जमलं."
"का?"
"इथं गुडघ्याएवढं,"
तिनं बोट टेकलं, थेट कागदावर,
"अन् इथं मानूस जाते.
दोन्ही जाग्यावर तुमचा रंग एकच."

मी म्हणालो, वरून तर सारखंच दिसतं.
म्हणाली, "वरून."

तेवढंच. टोपलं दुसऱ्या काखेत घेतलं.

बोटाचे दोन डाग राहिले.
मी फडकं उचललं होतं, पुसलं नाही.
वाटलं, हाच असेल तो राखाडी.
सुकल्यावर पाहिलं,
तो नव्हता. फिका तपकिरी, मासळीचा वास येणारा.
पण दोन डाग एकमेकांसारखे नव्हते,
आणि माझं अख्खं पाणी
एकसारखं होतं, इस्त्री केल्यासारखं.

कागदावर दगड ठेवला. चपला काढल्या.
पँट दुमडताना लक्षात आलं,
चाळीस वर्षं बोड्या काढतोय,
एकीतही पाय ओला केलेला नाही.

गाळानं आधी बोटं घेतली, मग घोटा.
वर कोमट पाणी, खाली विहिरीसारखं गार,
आणि दोन्हींच्या मधे
एक सीमा, पोटऱ्यांना कळणारी,
जिच्यासाठी माझ्या पेटीत काही नव्हतं.
काहीतरी बारकं टाचेला घासून गेलं.

"अजून पुढं?" मी काठाकडे न बघता विचारलं.

"या ना," ती हसत होती, आवाजावरून कळलं,
"पन तो ब्रश त ठिवा गा आधी."

हातात होताच.
टोकातून निळा सुटत होता,
दोन वीत लांब गेला,
मग कुठं गेला, दिसलं नाही.