सजावट असल्यास रिकामे सोडा

परिपत्रकात शब्द होता ‘सुगम्य’.
बेलापूरच्या चौथ्या मजल्यावर कोणी तो ‘सुगम’ वाचला,
कोणी ‘सुलभ’, आणि मग सगळे हसले.
मुदत एकतीस मार्च.
माझ्या खुर्चीशेजारी एक खुर्ची वाढवली
आणि सोमवारी तिच्यात येऊन बसले
जनार्दन मढवी, दिवा गाव, ऐरोली.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रंगाच्या कारखान्यात
अठ्ठावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर.
काठीची घडी मांडीवर, चहा बिनसाखरेचा.
“माऊस उचलून ठेव,” म्हणाले,
“उंदराचं आपल्याला काम नाय.”

मग आमचं संकेतस्थळ पहिल्यांदा बोललं.
दोन वर्षं मी ते बांधत होते,
आवाज कधी ऐकला नव्हता.
बटन, म्हणालं. बटन. बटन. दुवा.
चित्र, बॅनर नवीन फायनल दोन.
येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे.
“मना सांग पोरी, ‘येथे’ म्हंजे कुठं?”

जुन्या फाँटातली सूचना उघडली तर
ई जी के यू एक्स जे...
यंत्र एकेक अक्षर ओकत राहिलं
आणि मला पडद्यावर ठळक दिसत होतं
महानगरपालिका.

शेवटी पाणीपट्टी. रुपये तीनशे बारा.
आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा,
चित्रातली अक्षरे खाली भरा.
मढवींची बोटं थांबली
एफ आणि जे वरच्या बारीक उंचवट्यांवर.
तिथे उंचवटे असतात
हे मला त्या दिवशी कळलं.
आपले सत्र संपले आहे.
“नाक्यावरचा पोरगा भरून देतो. पन्नास रुपये घेतो.
माझा पिन त्याला पाठ हाय.
त्याच्या आईलाही असेल.”

पुढचे चार आठवडे मी नावं ठेवत होते, शब्दशः.
प्रत्येक बटनाला, प्रत्येक रिकाम्या चौकटीला:
ग्राहक क्रमांक. पावती उतरवून घ्या. मागे जा.
वाकडी अक्षरं काढली.
सत्राची वेळ वाढवायला तीन सह्या लागल्या.

मुखपृष्ठावर खाडी होती. वर्णनात मी लिहिलं,
‘फ्लेमिंगो पक्ष्यांचे छायाचित्र’.
“छायाचित्र काढ, ते यंत्र सांगतंच.
आणि ते नुसते उभे नसतात गं.
थंडीत पहाटे आमच्या मागच्या दारी
बाजार उठायच्या वेळचा कालवा असतो.”
म्हटलं, काका, जे दिसत नाही ते कसं लिहू?
“दिसतं तेवढंच तर लिहीत आलीस.”

त्याच्या खाली दुसरा फोटो.
पाच मान्यवर, एक फीत, एक कात्री.
नियम सांगतो, चित्र निव्वळ सजावट असल्यास
वर्णन रिकामे सोडा.
साहेबांना विचारलं नाही. सोडलं.
यंत्र त्या पाचांवरून सरळ पुढे गेलं
तक्रार नोंदणीकडे,
जणू तिथं कोणी उभंच नव्हतं.

अठ्ठावीस मार्चला, दुपारी,
मढवींनी आपली पाणीपट्टी आपण भरली.
मी खुर्ची मागे ओढून खिडकीकडे तोंड केलं,
पिन माझ्याही डोळ्यांना नको.
पावतीचा क्रमांक ते मोठ्यानं म्हणाले,
चार आकडे, जरा थांबून चार,
जसे एके काळी कुणाला तरी जोडून द्यायचे.
मग म्हणाले, “पन्नास रुपये वाचले. वडापाव सांग.”

मेमध्ये नवी एजन्सी आली.
नवं रूप, नवे रंग,
दर तीन सेकंदांनी सरकणारे मान्यवर,
या वेळी अकरा.
रात्री फोन. “पोरी, परत बटन बटन झालंय.”
मी म्हटलं, काका, माझं कंत्राट संपलं.
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही,
फक्त मागच्या दारचा वारा.
मग जुना, घोटलेला, ड्युटीवरचा आवाज:
“लाइन सोडू नका.”