पासंग

वेर्ण्याच्या कारखान्यात हॉपर रिकामा.
आग्नेलोनं आत कोपरापर्यंत हात फिरवून दाखवला,
आणि पडद्यावर दोनशे चाळीस ग्रॅम.
"कसलं वजन गं हे, बाय?"
हवेचं, म्हटलं, आणि पॅनेल उघडलं.

आयसोलेशन अ‍ॅम्प्लिफायर.
मध्ये भिंत; अलीकडचं ग्राउंड वेगळं, पलीकडचं वेगळं,
तांब्याचा केससुद्धा आरपार जात नाही.
माप तेवढं जातं,
रायबंदरहून फेरीबोटीनं माणूस चोडणला उतरावा
आणि नदी जागच्या जागी राहावी, तसं.

इनपुटची दोन्ही टोकं एकाच तारेनं बांधली.
आता सांगण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नाही,
तरी मीटर म्हणतो बारा मिलिव्होल्ट.
गेन शंभराचा एकवर आणला: अकरा.
म्हणजे खोट भिंतीपलीकडची.
अलीकडची असती तर शंभरपट ओरडली असती.

म्हापशाच्या शुक्रवारी बाबा हरमलच्या मिरच्या मांडायचे.
आधी रिकामी तागडी नाकासमोर उचलायची.
डावं पारडं चिंचोक्याएवढं खाली.
मग उजव्याच्या दोरीला चिंधीत खडा,
दर आठवड्याला नवा,
कारण दोऱ्या दमटतात, वाळतात, स्वतःचं वजन बदलतात.
"तागडीचं तागडीला देऊन टाकायचं.
मग गिऱ्हाइकाचं."

एकदा खडा राहिला.
संध्याकाळी पैसे मोजताना त्यांचा हात थांबला.
नऊ गिऱ्हाइकं झाली होती, तिघांची घरं ठाऊक होती.
कागदाच्या तीन पुड्या घेऊन आम्ही चालत गेलो,
शेवटच्या घरी कुत्रा भुंकत राहिला, दिवा लागला नाही,
पुडी उंबऱ्यावर ठेवली.
उरलेल्या सहांचं काय, मी विचारलं नाही.

अर्धा तास बोर्ड तापू दिला.
थंड बोर्डचं शून्य खरं नसतं.
मग बारीक पेचकस, ट्रिमपॉटचा पितळी स्क्रू,
सात, तीन, उणे एक, परत,
श्वास धरून केसभर,
शून्य.
इनपुटची तार काढली, लोडसेल जोडला.
हॉपर रिकामा, आणि पडदाही तेच म्हणतो.

"झालं की! चल, चहा घेऊ," आग्नेलो हात पुसत म्हणाला.

मागचं कॅलिब्रेशन नऊ फेब्रुवारीचं.
मी बॅचचं रजिस्टर मागितलं.