आंब

येळ्ळूरच्या काळ्या रानात भात निघालं
की हरभरा. जानेवारीत गुडघ्याएवढा.
दिवस कलला की लगमाक्का
मलमलीचं जुनं धोतर झाडांवर अंथरते,
चार कोपऱ्यांना चार ढेकळं.

पहाटे ते पिळायचं.
वाटीत उतरतात दोन घोट, पिवळसर,
दात शिवशिवतील असे आंबट.
पोटदुखीला, म्हणते, दुसरं काय लागत नाही.
धोतराला मात्र दर साली नवी भोकं.

मी प्रयोगशाळेतून आलेलो,
खिशात कागदाच्या निळ्या पट्ट्या.
एक बुडवली, लाल झाली.
मी आम्लांची नावं सांगितली.
ती म्हणाली, "नाव असूंदे की.
अळीला विचार."

विचारलं.
एकाच फांदीवर, बोटभर अंतरानं दोघी.
एकीनं पानाची लव चाखली
नि मान उचलून तशीच थांबली,
बराच वेळ.
दुसरी घाट्यात डोकं खुपसून
निवांत जेवत होती.
आंबेचंही सगळ्यांपुढं चालत नाही.

पलीकडच्या बांधावरून बसव्वा ओरडली, कन्नडमधून.
मला निम्मंच कळलं:
हुळी म्हणाली, की हुळ?
आंबट, की कीड?
मधे फक्त एक वेलांटी.
लगमाक्का धोतर झटकत हसली,
"दोन्ही एकदमच म्हणत असंल."

परतताना चपलेचा अंगठा सुटला.
दोन दिवस त्या रानातून फिरलेलं कातडं
कडेनं पांढरं पडलेलं.
बसमध्ये, कुणी बघत नाही असं पाहून,
मी बोट जिभेला लावलं.