कढीपत्त्यावर

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटी गावात,
माझ्याकडे कढीपत्त्याचं एकच रोप आहे.
थंडीत त्याला चादर गुंडाळून आत घेते,
मैत्रिणींना पानं मोजून देते.

एप्रिलमध्ये त्यावर एक दाणा दिसला.
मोहरीएवढा, पण केशरी.
वाटलं, फोडणी उडाली इथवर.

पाचव्या दिवशी दाणा नव्हता.
पुढे पानावर पक्ष्याची शीट दिसली,
पुसायला कागद लावला
तर शीट सरकली.

श्रीरंग म्हणाला, फवारून टाकू.
शेजारच्या सोकोरोबाई कुंपणावरून म्हणाल्या,
माझ्या लिंबावरही असते ती, राहू दे.
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
रात्रपाळीहून आले की बूट न काढता
मागच्या दारी जायचे,
मोबाइलच्या उजेडात
कुठवर खाल्लंय ते बघायला.

एक डहाळी. मग दोन. मग सगळा शेंडा.
फरशीवर मिरीच्या चुऱ्यासारखी लेंडी.
बोट लावलं तर मानेतून
दोन लालभडक शिंगं बाहेर
आणि असा वास
की मीच माफी मागितली.

तीन आठवडे आमटी बोडकी.
श्रीरंग जेवायला बसला की
आधी वाटीकडे बघायचा, मग खिडकीबाहेर.

एका सकाळी ती कुठेच नव्हती.
सोकोरोबाईंना सापडली, कुंपणाच्या फळीवर,
वाळक्या काटकीच्या रंगाची,
कमरेला एकच धागा,
माडावर चढलेल्या माणसासारखी मागे रेललेली.

बारा दिवस तिथे पाण्याची नळी
मी हलक्या हाताने धरली.
आतलं सगळं विरघळतं म्हणे.
पाय, जबडा, ती भूकसुद्धा.
मग उरतं काय,
ते कुणी नीट सांगितलं नाही.

तेराव्या दुपारी मी झोपले होते.
उठून गेले तर कोष उसवलेला, कांद्याच्या सालीसारखा हलका,
फळीवर तांबूस थेंब सुकलेला.
"काळं होतं, मधून पिवळा पट्टा," सोकोरोबाई म्हणाल्या,
"माझ्या पंजाएवढं.
तासभर पंख वाळवत बसलं, मग छपरावरून गेलं.
तुला उठवणार होते.
पण तू रात्रभर जागी असतेस."

आता जून. रोपाला पालवी आलीय,
तांबूस, तेलकट.
आत तेल तापलंय, मोहरी तडतडून थांबलीय,
श्रीरंग दुसऱ्यांदा हाक मारतोय.
मी डहाळी हातात धरून
एकेक पान
उलटून पालटून बघतेय.