दोनच माणसांची गाडी

लॉर्नने उलापूलच्या धक्क्यावर किल्ली दिली,
म्हणाला, दुसरा गिअर सकाळी जरा रुसतो,
ओढू नका त्याला, विचारा.
चौऱ्याण्णवची. हिरवी. एक लाख चार हजार मैल.
छत कापडी, मागची खिडकी प्लॅस्टिकची,
जुन्या चष्म्यासारखी पिवळट.

एकतीस वर्षं मी टपालाची लाल व्हॅन चालवली.
तिच्यात अख्ख्या बेटाची पत्रं, बिलं, बियाणं,
एकदा तर सहा जिवंत बदकं मावली.
हिच्यात मी आणि बाजाराची पिशवी;
दोघींपैकी एकीला पाय दुमडून बसावं लागतं.

फेरीवर ट्रकांच्या मध्ये उभी केली तिला.
एक ट्रकवाला कंबरेत वाकून बघत राहिला,
खिशातून काहीतरी पडल्यासारखा.

पहिला आठवडा पाऊस.
दुसरा आठवडा पाऊस, शिवाय वारा.
इथे छत्रीसुद्धा कोणी विकत घेत नाही,
वारा ती नेतो आणि परत आणून देत नाही.
बहीण फोनवर म्हणाली, इशबेल, वेड लागलंय तुला.
म्हटलं, तपासते आहे अजून.

उजवा दिवा डाव्याच्या मागून पापणी उघडतो.
शाळेतली पोरं आता मला बघितलं
की एक डोळा मिचकावतात.

ब्रेक दाबला की कुठेतरी पाणी डचमळायचं.
उथळ पाण्याला खळखळाट फार, हे
दरवाज्याच्या खालीही खरं असतं.
तिथे दोन बारीक भोकं असतात, पाणी जायला. तुंबलेली.
तार घेतली, गुडघे टेकले,
आणि काढत गेले:
चिखल,
शर्टाचं एक बटण,
आणि पाइनच्या सुया. मूठभर. तपकिरी, भिजून मऊ.

आमच्या बाजूला झाड नाही.
दलदल, गवत, मेंढ्या, मग थेट समुद्र.
लॉर्नचं अंगण फोटोत पाहिलं होतं, सगळं काँक्रीट.
म्हणजे त्याच्याही आधी,
कोणाच्या तरी दारात, झाडाखाली,
ही वर्षानुवर्षं उभी होती.
टाकवेनात. बशीत घालून रेडिएटरवर ठेवल्या.
दोन दिवस माझ्या स्वयंपाकघराला
मी कधी न गेलेल्या जागेचा वास.

तिसऱ्या मंगळवारी पाऊण तास कोरडा मिळाला.
दोन खटके सोडले, छत मागे लोटलं.
फाटकाशी ऊशजन उभा. वय त्र्याऐंशी.
व्हॅनमध्ये प्रवासी घ्यायचा नाही, असा नियम होता.
एकतीस वर्षं त्याला पावसात रस्त्यावर चालताना बघितलं,
हात केला, आणि पुढे गेले.

म्हटलं, बस.
होडीत उतरतात तसा उतरला,
आधी बूड, मग एकेक पाय हाताने उचलून.
टोपी मांडीखाली दाबली.
मेंढ्या आमच्या डोळ्यांत सरळ डोळे घालून बघत होत्या.
चढावर दुसरा गिअर रुसला.
ऊशजन गेलिकमध्ये त्याला काहीतरी म्हणाला,
आडून बसलेल्या गाईला म्हणतात त्या आवाजात.
पडला.
एवढंच बोलणं. बाकी वारा.

परतताना पाऊस आलाच.
चाळीसच्या वेगाला तो डोक्यावरून निघून जातो,
हे मला तेव्हा कळलं.
थांबायचं नाही, एवढंच.

पण रस्ता एकपदरी, आणि समोरून लाल व्हॅन.
नवा पोरगा, उशीर झालेला, मागे पार्सलांचा ढीग.
जागा माझ्या बाजूला होती. घेतली बाजूला, थांबले.
पाऊस सरळ मांडीत.
पोराने हात केला आणि पुढे गेला.
ऊशजनच्या भुवयांवरून पाणी गळत होतं.
पायांशी साचलेलं तळं बघून म्हणाला,
हे जाईल ना आता?

जाईल, म्हटलं. भोकं मोकळी आहेत.