किल्लीच्या मापाचं

उर्झेदुत आता सात उंबरे धुराचे.
बाकीची घरं ऑगस्टपुरती उघडतात,
फ्रान्सच्या नंबरप्लेटा येतात, नातवंडं येतात,
आणि सप्टेंबरात पुन्हा खिडक्यांना फळ्या.
मीही त्यांतलाच. चाळीस वर्षं ल्योंमध्ये
दुसऱ्यांच्या भिंती ओळंब्यात धरल्या,
आता पेन्शन घेऊन आलोय, गुडघे तिकडेच ठेवून.

चॅपल म्हणजे काय, दोन गाईंच्या गोठ्याएवढं.
छपरावर पाटीचा दगड, तोही अर्धा खाली सांडलेला,
शाळा सुटल्यावर कुणी पाट्या टाकून पळावं तसा.
भिंतीत अंजीर. वेदीवर बकऱ्यांच्या लेंड्या.

ओनोरिउ म्हणाला, काम सुरू करण्याआधी
झुल्मीराकडून किल्ली आण.
मी हसलो. किल्ली कशाची?
दार तर त्या मोठ्या वादळात पडलं,
त्याचं सरपण कुणी केलं तेही सगळ्यांना ठाऊक.
तरी गेलो.
हात पुसत ती आली,
चुलीमागच्या खिळ्यावरून किल्ली काढली:
वीतभर लांब, काळी, तेल दिलेली.
"दिवेलागणीला परत आणून दे," म्हणाली.

मग रोज सकाळी मी किल्ली मागायचो,
खिशात घालून बिनदाराच्या देवळात शिरायचो,
संध्याकाळी परत करायचो.
मार्च ते ऑगस्ट. एकदा विसरलो
तर रात्री दहाला काठी टेकत दारात उभी.

चुना विझवला हौदात. तो तीन दिवस पुटपुटत होता.
सिमेंट लावू, लवकर होईल, असं सरपंच म्हणाले.
मी म्हटलं, सिमेंटनं मी शहरं बांधली,
इथे भिंतीला श्वास घेऊ दे.
(हे वाक्य मला आवडलं होतं. आदेरितु सुतार म्हणाला,
"श्वास घेऊ दे, पण मजुरी कोण घेऊ देणार?")

अंजीर मुळासकट निघेना.
उपटलं तर कोपरा येणार, ठेवलं तर भिंत जाणार.
शेवटी बुंधा कापला, मुळं आतच राहिली,
आणि वरून चुन्याचा हात फिरवला.
कधीतरी पालवी फुटेल. फुटली तर बघू.

मागच्या खाजऱ्या झुडपांत धुण्याचे दगड सापडले,
चार बायकांच्या चार जागा, झिजून खोलगट झालेल्या.
कोयत्यानं वाट केली तसा पाण्याचा आवाज आला.
पाणी कधी थांबलंच नव्हतं,
कपडे घेऊन येणारं माणूस थांबलं होतं.
एलिझा बाईंनी बोट दाखवलं: हा माझ्या आईचा दगड.
मग चपला काढून त्यावर पाय धुतले. बाकी काही बोलल्या नाहीत.

सांव ब्राश घशाचा संत. ओनोरिउच्या तळघरात होता,
बटाट्यांच्या पोत्यांमागे, उजवा हात वाळवीनं नेलेला.
नवा हात करावा की नाही यावर गावात
सात उंबऱ्यांचे आठ तट पडले.
हात तसाच राहिला. नाही राहिला, म्हणजे.

आता दार. चेस्टनटच्या फळ्या, आदेरितुचा रंधा.
तालुक्याच्या दुकानात चकचकीत कुलपं होती,
दोन किल्ल्या आणि वॉरंटीसकट.
आदेरितुनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.
झुल्मीराच्या चुलीपाशी बसला,
किल्ली कागदावर ठेवून पेन्सिलीनं तिची कड गिरवली,
दाते मोजले, पुन्हा मोजले,
आणि लोहाराला सांगितलं,
हिच्याभोवती कुलूप कर.

शेवटच्या शनिवारी ऐंशीजण आले, सार्डिन भाजले,
पोरांनी नव्या भिंतीला चेंडू मारला.
सोमवारी पुन्हा सात.
तिन्हीसांजेला झुल्मीरा एकटीच चढ चढून आली.
दार ओढलं. किल्ली घातली. अडली.
जरा उचलून फिरवली, तशी आत काहीतरी खट् झालं.
दोनदा हिसका देऊन बघितलं.
पदराखाली, म्हणजे एप्रनच्या खिशात, टाकली.

मी म्हटलं, झुल्मीरा, माझी थापी आत राहिली.

ती उतरणीला लागली होती.
"सकाळी ये मागायला," म्हणाली.