तात्पर्य

शनिवारी दुपारी, देवळामागच्या खोलीत,
जिथे नाताळचे तारे आणि भाता फाटलेली पेटी ठेवतात,
दहावीची सात पोरं बसतात माझ्यासमोर.
मिरज जंक्शनवरून वाऱ्यासोबत आवाज येतो:
हुबळीची गाडी अर्धा तास उशिरा.

पाळकसाहेब एकदा म्हणाले होते,
"शास्त्र शिकवा बाई, ही जुनी काव्यं कशाला?
त्यात नवस आहेत, देवी आहेत, मद्य आहे."
मी म्हटलं, "बोर्डाला आहेत."
खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.
पूर्ण खरं हे, की माझे आजोबा बाप्तिस्मा घेऊन
गावाबाहेर पडले
तेव्हा अंगावरच्या धोतराशिवाय
त्यांच्याकडे फक्त ओव्या होत्या.
त्या कुणी परत मागितल्या नाहीत.

यंदा नावाडणीचं आख्यान.
भाऊ रातोरात बहिणीची नाव विकून पसार होतो.
बारा वर्षं ती दुसऱ्याच्या नावेत वल्हं मारते.
मग एका रात्री पलीकडून हाक येते.
आवाज म्हातारा झालाय, हाक मात्र तीच,
लहानपणी मासा गळाला लागला की मारायचा ती.
"अक्का, मला ने."
इथे पोथी संपते.
शेवटचं पान वाळवीनं खाल्लं,
की कुणी पुरानंतर चूल पेटवायला घेतलं,
ठाऊक नाही.

एकवीस वर्षं ते पान मीच लिहीत आले,
फळ्यावर, सुवाच्य अक्षरात.
तात्पर्य. खाली रेघ. क्षमा.
पोरं उतरवून घेतात,
मग प्रार्थना, मग भडंग.

यंदा शलोमी भांबळनं पेन खाली ठेवलं.
"बाई, पान नाहीये ना?
मग तुम्ही तिला इतक्या घाईनं का पाठवता?"

तिच्या घरचं मला माहीत होतं.
वडील मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय,
आईच्या पाटल्या घेऊन गेले ते सहा वर्षांनी उगवले.
आता जिन्याखाली झोपतात,
आणि उपासनेत सगळ्यांआधी उठून साक्ष देतात.
मंडळी आमेन म्हणते.
शलोमी स्वतःच्या चपलांकडे बघते.

पाळकांचा आशीर्वाद वळून म्हणाला,
"पण प्रभु तर म्हणतो..."
त्याला सगळी वचनं पाठ आहेत.
"मी कुठं नाही म्हटलं?" ती म्हणाली.
"ती नाव सोडवतेय.
दोर ओला आहे. गाठ घट्ट बसलीय.
वेळ लागतो."

सतारमेकर गल्लीतला नियाज,
जो फक्त मराठीच्या मार्कांसाठी येतो, मागून म्हणाला,
"पण नाव तर दुसऱ्याची आहे ना, बाई?
मालकाला न विचारता कशी नेणार?"
सगळे हसले. शलोमीही हसली थोडी.
मला त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

खडू हातात धरून मी उभीच राहिले.
वडिलांच्या काळ्या पुठ्ठ्याच्या शास्त्रातही
एक भाऊ असाच अंगणात उभा आहे.
आत वाजंत्री चाललीय,
बाप बाहेर येऊन विनवतोय,
आणि तो आत गेला की नाही
हे लिहिणाऱ्यानं लिहिलेलंच नाही.
शंभर वेळा वाचलं असेल मी.
दरवेळी त्याच्या पाठीला हात लावून
मीच त्याला उंबऱ्याच्या आत ढकलत आले.

फळ्यावर "तात्पर्य" लिहून झालं होतं.
मी खाली रेघ मारली
आणि खडू डब्यात टाकला.
आशीर्वादनं वही पालथी करून दाखवली:
"बाई, मग लिहू काय?"
"जागा सोड," मी म्हटलं. "चार ओळींची."

प्रार्थनेला डोळे मिटले.
शेवटी आमेन कोण म्हणणार हे ठरलेलं नव्हतं,
म्हणून बराच वेळ कुणीच म्हणालं नाही.
हुबळीची गाडी येऊन गेली बहुतेक.
भडंगाचा कागद कुणीतरी
आवाज न करता उघडत होतं.